चित्रपटकर्मी आणि नटांचा गट: वाचकांचे प्रश्न, उत्तरे

गोव्यात स्वतःच्या हिमतीवर लघुपट, माहितीपट आणि छोटे चित्रपट करणारे तरुण आणि नाटकांतून पुढे आलेले नट एकत्र येऊन गट स्थापन करू लागले आहेत. त्यांतील अडचणींविषयी या सदराकडे बरीच पत्रे आली आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून आणि पत्रलेखकांची नावे न छापता या अंकात उत्तरे देत आहे.

प्रश्न (डिचोली): आम्ही आठ-दहा जण जत्रेच्या नाटकांत आणि नाट्यस्पर्धेत काम करतो. आमच्यातील दोघांना कॅमेरा हाताळता येतो, एक जण संकलन शिकला आहे. दर महिन्याला भेटायचे ठरवले. पहिल्या दोन बैठकांत ओळखी झाल्या, व्हॉट्सअ‍ॅपवर गट तयार झाला, पण पुढच्या बैठकीला तिघेच आले. बैठकीत नेमके करायचे तरी काय? शिवाय गटाचे कामकाज मराठीत चालवावे की कोकणीत, यावरही वाद आहे.

उत्तर: ओळखपाळख एका बैठकीत आटोपते. पुन्हा यावेसे वाटायचे तर तिथे काहीतरी काम घडत असले पाहिजे. दिग्दर्शक कसा आहे हे नटाला त्याच्या गप्पांवरून कळत नाही. तो सूचना किती नेमकी देतो, टेक फसल्यावर समोरच्याशी कसा बोलतो, यावरून कळते. नट कसा आहे हेही फोटोंवरून कळत नाही. तेव्हा बैठकीला बोलावताना ‘या, भेटू’ असा निरोप न पाठवता त्या दिवशी कोणाची पटकथा वाचली जाणार, कोणते दृश्य बसवले जाणार आणि कोणाचे कच्चे संकलन पाहिले जाणार, हे आठवडाभर आधी कळवावे. माझ्या मते गट टिकण्याचे किंवा मोडण्याचे निम्मे कारण एवढ्यातच असते.

तीन तासांची बैठक धरली तर पहिला तास वाचनाला द्यावा. दहा-बारा पाने पुरेत, पण ती लेखकाने स्वतः वाचू नयेत. लेखक वाचतो तेव्हा कागदावर नसलेले अर्थही तो आवाजातून भरून काढतो. ते काम इतरांकडे सोपवले की संवाद कुठे अडखळतो आणि पात्रे कुठे सारख्याच भाषेत बोलतात, हे लेखकाला आपोआप ऐकू येते. चर्चेतही क्रम पाळावा. ऐकणाऱ्यांनी आपल्याला काय समजले ते आधी सांगावे, मग लेखकाने आपल्या शंका विचाराव्यात आणि मते त्यानंतरच मांडावीत. हा क्रम उलटला की पहिल्याच ठाम मतामागे सगळी खोली जाते आणि नवा माणूस पुढच्या वेळी पाने घेऊन येत नाही.

दुसरा तास अभिनयाचा. त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या गटाचे खरे भांडवल तिथेच आहे. गोव्यातील नट बहुधा रंगमंचावर घडलेला असतो. देवळाच्या प्रांगणात रात्री उशिरा सुरू होणाऱ्या नाटकात शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा, वाक्याचा शेवट पडू द्यायचा नाही आणि समोरच्या पात्राशी बोलतानाही चेहरा प्रेक्षकांपासून वळवायचा नाही, ही शिस्त त्याच्या अंगात मुरलेली असते. कॅमेऱ्यापुढे नेमक्या याच तीन गोष्टी आड येतात. त्यासाठी एक पानी दृश्य घ्या. उदाहरणार्थ, भाऊ बहिणीला वडिलोपार्जित घर विकण्याबद्दल विचारतो आणि ती भाजी निवडता निवडता उत्तर देते. हे दृश्य आधी सभागृहात, रंगमंचावर करतात तसेच करा. मग दोघांना एका मेजाशी समोरासमोर बसवा, मोबाईल स्टँडवर लावा, कपड्यांवर कॉलर माईक अडकवा आणि शेजारच्या खोलीत कोणी झोपले आहे असे समजून तेच दृश्य करायला सांगा. तिसऱ्या वेळी संवाद काढून टाका. भाजी निवडणे, एकमेकांकडे बघणे आणि नजर चुकवणे एवढेच ठेवा. तिन्ही टेक लगेच लॅपटॉपवर पाहा. तिसऱ्या टेकमध्ये बहिणीचा हात भाजीवर क्षणभर थांबतो तेव्हा तिचे उत्तर प्रेक्षकाला कळलेले असते, हे नटाला कोणी समजावून सांगावे लागत नाही. तो ते स्वतःच पडद्यावर पाहतो.

मात्र रंगभूमीवरच्या नटाला ‘तुझे भडक होते’ असे सांगून त्याची घडण पुसून टाकण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. तीन अंकी नाटक तोंडपाठ ठेवणारी स्मरणशक्ती, श्वासावरचा ताबा आणि रात्रभर उभे राहण्याची तयारी या गोष्टी चित्रीकरणाच्या बाराव्या तासाला फार मोलाच्या ठरतात. त्याला आवाज कमी करायला सांगण्याऐवजी ऐकणारा किती अंतरावर आहे ते सांगावे.

याच सरावात तंत्रज्ञांनाही शिकता येते. पंखा आणि फ्रिज बंद करून घ्यावा आणि दृश्य संपल्यावर कोणी हलायच्या आत त्या खोलीची नुसती शांतता अर्धा मिनिट ध्वनिमुद्रित करून ठेवावी, म्हणजे संकलनात संवादांमधील जोड ऐकू येत नाहीत. आपल्याकडील वीजपुरवठा पन्नास हर्ट्झचा आहे, त्यामुळे ट्यूबलाइटखाली चित्रीकरण करताना सेकंदाला पंचवीस फ्रेम आणि एक पन्नासांश सेकंदाचा शटर ठेवला तर प्रकाश लुकलुकत नाही. मोबाईलच्या मूळ कॅमेरा ॲपमध्ये ही सोय बहुधा नसते, तेव्हा ती देणारे वेगळे ॲप घ्यावे लागते. पावसाळ्यात कौलारू किंवा पत्र्याच्या छपराखाली संवादांचे ध्वनिमुद्रण करण्याच्या फंदात पडू नये. ते चार महिने वाचन आणि तालमींना उत्तम.

उरलेला तास कच्चे संकलन पाहण्यासाठी ठेवावा. बैठकीचा दिवस ठरलेलाच असावा, दुसरा रविवार तर दुसराच रविवार. जत्रांच्या दिवसांत संध्याकाळी नट तालमींत असतात आणि चतुर्थीच्या काळात कोणीच मोकळे नसते, म्हणून सकाळची वेळ बरी. सत्तरीहून येणाऱ्याला परतीची बस मिळेल असेही पाहावे. डिचोलीकरांना साखळीचे रवींद्र भवन जवळ आहे, पण सुरुवातीला गावातील वाचनालयाची खोलीही पुरते.

भाषेचा वाद बैठकीत आणूच नये. ज्याला ज्या भाषेत नेमके बोलता येते त्या भाषेत त्याने बोलावे आणि पटकथेतील पात्राने ते ज्या घरात वाढले त्या घरची भाषा बोलावी. पेडण्यातील आजी आणि सासष्टीतील दर्यावर्दी एकाच चित्रपटात आले तर दोघांच्या बोली जशाच्या तशा ऐकू येणे ही गोव्याच्या चित्रपटाची ताकद आहे. तियात्रातील, म्हणजे गोव्याच्या कोकणी संगीत नाट्यप्रकारातील, नटांनाही आवर्जून बोलवा. विनोदाच्या वेळेचे त्यांचे भान फार तल्लख असते.

प्रश्न (फोंडा): मी हौशी रंगभूमीवर काम करते. गटातील ओळखीने काही लघुपटांत मानधनाशिवाय कामे केली. एका लघुपटाची प्रत मागूनही मिळाली नाही आणि दुसऱ्यातील माझे दृश्य मला न विचारता एका दुकानाच्या जाहिरातीत वापरले गेले. सगळे मित्रच असल्यामुळे करारपत्र मागायचा संकोच वाटतो.

उत्तर: भीड भिकेची बहीण, असे आपल्याकडे म्हणतात ते उगाच नाही. आपण मानधन न घेता काम केले याचा अर्थ आपला चेहरा आणि आवाज कोणत्याही कामासाठी देऊन टाकला असा होत नाही. पण तोंडी बोलण्याचा पुरावा उभा करणे कठीण असते आणि कायदा काय म्हणतो हेही आपल्याला ठाऊक असायला हवे.

कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार चित्रपटाचा कर्ता निर्माता असतो, म्हणजे ती कृती घडवून आणण्यासाठी जो पुढाकार घेतो आणि जबाबदारी उचलतो तो. नटाला स्वतःच्या सादरीकरणावर स्वतंत्र हक्क असतो. मात्र आपले काम चित्रपटात समाविष्ट करण्यास त्याने एकदा लेखी संमती दिली की, करारात वेगळे काही म्हटलेले नसेल तर निर्मात्याने त्या चित्रपटात तो हक्क वापरण्यास त्याला हरकत घेता येत नाही. म्हणून नुसती सही उपयोगाची नाही, सहीच्या वर काय लिहिले आहे ते महत्त्वाचे. लेखक आणि संगीतकारांसाठीही एक गोष्ट सांगून ठेवतो. हक्कांचे हस्तांतरण लेखी असावेच लागते, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता, असे कायदा मानतो.

गटाने एकच एक पानी मराठी करारपत्र तयार करून ठेवावे आणि गटातील प्रत्येक चित्रीकरणाला ते भरणे सक्तीचे करावे. मग कागद मागणाऱ्याला वाईटपणा येत नाही, कारण तो मागणारी व्यक्ती नसते, गटाचा नियम असतो. त्यात पुढील गोष्टी स्पष्ट असाव्यात: चित्रीकरण किती दिवस आणि रोज किती तास, प्रवास आणि जेवणाचा खर्च कोणाचा, मानधन आहे की नाही, पुढे चित्रपटाने पैसे मिळवले तर नट आणि तंत्रज्ञांचा वाटा किती, श्रेयनामावलीत नाव कसे येणार, आणि चित्रीकरण त्या एका चित्रपटाव्यतिरिक्त जाहिरातीसाठी किंवा इतरत्र वापरायचे झाल्यास नव्याने लेखी परवानगी लागेल. पूर्ण झालेली प्रत, किंवा निदान आपल्या दृश्यांचा भाग, शोरीलसाठी, म्हणजे आपल्या कामाचे नमुने दाखवणाऱ्या चित्रफितीसाठी, कोणत्या तारखेपर्यंत मिळेल तेही लिहून घ्यावे. बिनपगारी नटाची खरी कमाई तीच असते आणि नेमकी तीच द्यायला सर्वाधिक टाळाटाळ होते. आपल्या बाबतीत, जाहिरात काढून टाकण्याची मागणी आधी लेखी पत्राने करा. त्यावर काही घडले नाही तर वकिलाचा सल्ला घ्या. गप्प बसू नका.

आपल्या पत्रात नसलेला, पण याच कागदाशी निगडित असा एक विषय मला महत्त्वाचा वाटतो. ऑडिशन कोणाच्याही घरी किंवा हॉटेलच्या खोलीत होऊ नये. वाचनालय किंवा सभागृहात, किमान दोन जबाबदार व्यक्तींच्या उपस्थितीत व्हावी. जवळिकीचे दृश्य असेल तर त्यात नेमके काय घडणार ते पटकथेत आधी लिहिलेले असावे आणि ऐनवेळी त्यात भर घालू नये. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहापेक्षा कमी माणसे असलेल्या कामाच्या ठिकाणची तक्रार जिल्हा पातळीवरील स्थानिक समितीकडे करता येते, हे गटातील प्रत्येक स्त्रीला माहीत असले पाहिजे. बालकलाकार घेणार असाल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला पाच तासांपेक्षा अधिक काम देता येत नाही आणि सलग तीन तासांपेक्षा अधिक वेळ विश्रांतीशिवाय कामाला लावता येत नाही.

प्रश्न (म्हापसा): गटात पटकथा वाचून दाखवली तर कल्पना कोणी उचलेल, अशी भीती वाटते. काय करावे?

उत्तर: नुसत्या कल्पनेला कॉपीराइटचे संरक्षण नसते, ती ज्या शब्दांत आणि प्रसंगांत मांडली आहे त्या मांडणीला असते. म्हणून दोन ओळींची गोष्ट सांगत फिरण्यापेक्षा पटकथा पूर्ण लिहून काढणे हेच पहिले संरक्षण आहे. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सदस्यत्व घेतल्यास पटकथेची ऑनलाइन नोंदणी करता येते आणि त्या तारखेला ती आपल्याकडे होती याचा पुरावा तयार होतो. शिवाय वाचनाला कोण कोण हजर होते आणि कोणती पाने वाचली, याची नोंद बैठकीच्या वहीत करावी. इतके केल्यावर मात्र मोकळेपणाने वाचा. कपाटात राहिलेली पटकथा चोरीला जात नाही, पण सुधारतही नाही.

प्रश्न (मडगाव): बाहेरून येणारे एक प्रशिक्षक दोन दिवसांची अभिनय कार्यशाळा घेणार आहेत. शुल्क भरमसाट आहे, पण ‘निवडक सहभागींना मालिकेत भूमिका’ असे पत्रकात म्हटले आहे. आमच्या गटाने नावे द्यावीत का?

उत्तर: शिकवणे आणि काम देणे हे दोन वेगळे व्यवहार आहेत, आणि जिथे दुसऱ्याचे आमिष दाखवून पहिल्याचे पैसे घेतले जातात तिथे सावध राहावे. भूमिकेसाठी नट निवडणे हे निर्मात्याचे काम असते आणि त्याचे पैसे निर्माताच देतो. ऑडिशनसाठी नटाकडून शुल्क मागितले जात असेल तर तिथून सरळ परतावे. या कार्यशाळेबद्दल आयोजकांना विचारा की सहभागी किती असतील, प्रत्येकाला कॅमेऱ्यापुढे प्रत्यक्ष किती मिनिटे मिळतील आणि केलेल्या दृश्याची प्रत मिळेल का. चाळीस जणांच्या वर्गात दोन दिवसांत वाट्याला येणारा वेळ आपणच मोजून पाहा. मालिकेचे आणि निर्मितीसंस्थेचे नाव सांगायला टाळाटाळ झाली तर उत्तर आपल्याला मिळाले असे समजा.

त्याच पैशांत गटाला बरेच काही करता येईल. पणजीतील कला अकादमीच्या नाट्यविद्यालयात शिकलेले अनेक जण आपल्या आसपास आहेत. त्यांतील एकाला योग्य मानधन देऊन चार रविवार बोलवा. पुण्याची चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था अल्प मुदतीचे अभ्यासक्रम चालवते. गटातील एकाला त्यासाठी मदत करावी आणि परतल्यावर त्याने इतरांना शिकवावे, अशी अट घालावी. माझा आग्रह आहे की पहिली कार्यशाळा ध्वनिमुद्रणाची घ्यावी. चित्र थोडे अंधारे असले तरी प्रेक्षक सांभाळून घेतात, संवाद ऐकू आला नाही तर उठून जातात.

प्रश्न (पेडणे): इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, दरवर्षी आपल्या दाराशी होतो. त्याचा लाभ गटाने कसा करून घ्यावा?

उत्तर: हा महोत्सव २००४ पासून गोव्यात भरतो आणि त्याच्या जोडीने भरणारा राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा फिल्म बाजार २००७ मध्ये सुरू झाला. त्या नोव्हेंबरच्या दिवसांत पणजीत फिरताना आपण चित्रपटसृष्टीच्या केंद्रस्थानी आहोत असे वाटते, आणि महोत्सव संपला की गोव्यातील चित्रपटकर्मी पुन्हा एकटा पडतो. गट हवा तो उरलेल्या अकरा महिन्यांसाठी. त्या महिन्यांत काम झाले असेल तरच महोत्सवातील भेटींत बोलण्यासारखे काही हाताशी असते.

फिल्म बाजारात सहनिर्मितीसाठी निवडलेले प्रकल्प, अपूर्ण चित्रपटांवर मार्गदर्शन करणारी प्रयोगशाळा आणि खरेदीदार व महोत्सव प्रतिनिधींनी चित्रपट पाहावेत यासाठीची दालने असे विभाग असतात. प्रत्येकाची प्रवेशिका स्वीकारण्याची मुदत महोत्सवाच्या बरीच आधी संपते, तेव्हा पावसाळ्यातच गटाने एकमेकांचे अर्ज तपासावेत. आपला चित्रपट तीन मिनिटांत सांगण्याचा सराव बैठकीत, घड्याळ लावून करावा. लघुपट पूर्ण होताच यूट्यूबवर टाकू नये, कारण अनेक महोत्सव आधी जाहीरपणे दाखवलेली कृती स्वीकारत नाहीत. लोकप्रिय चित्रपटगीत पार्श्वसंगीत म्हणून वापरले असेल तर त्याचे हक्क मिळेपर्यंत ती कृती कुठेच पाठवता येणार नाही. गटातील एखाद्या हार्मोनियमवादकाला किंवा घुमटवादकाला सोबत घेऊन स्वतःचे संगीत करणे अधिक चांगले. तिकीट लावून किंवा जाहीरपणे दाखवायचे तर केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र लागते, हेही ध्यानात असू द्यावे.

छोट्या राज्यातील माणसाचे चित्रपट दूरवर जात नाहीत, असा सूर आपल्या पत्रात आहे. लक्ष्मीकांत शेटगावकर यांच्या कोकणी चित्रपटाला २००९ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात आंतरराष्ट्रीय समीक्षक संघटनेचे पारितोषिक मिळाले होते आणि तो चित्रपट घडतो आपल्याच सीमेवरच्या रानात. परिचित प्रदेश आणि परिचित माणसे घेऊन तो तिथवर पोचला.

प्रश्न (वास्को): मोबाईलवर छोटे चित्रीकरण करायलाही परवानगी लागते का? ड्रोन वापरता येईल का?

उत्तर: गोव्यातील चित्रीकरणाच्या परवानग्यांसाठी गोवा मनोरंजन संस्था, म्हणजे ईएसजी, ही मुख्य यंत्रणा आहे, गट कितीही लहान असला तरी आधी तिथे चौकशी करावी. जुन्या गोव्यातील चर्चसारख्या केंद्राने संरक्षित केलेल्या वास्तूंसाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची, तर अभयारण्यासाठी वनखात्याची परवानगी वेगळी. पणजीतील फोंताइन्हाशसारख्या जुन्या वस्तीत घराच्या पायरीवर चित्रीकरण करण्यापूर्वी त्या घरातील माणसांना विचारावे. तिथले रहिवासी छायाचित्रे काढणाऱ्यांमुळे आधीच त्रासलेले आहेत. आपण वास्कोचे आहात म्हणून मुद्दाम सांगतो, की दाबोळीचा विमानतळ नौदलाच्या तळावर आहे. त्या परिसरात ड्रोन उडवण्याचा विचारही करू नये. इतरत्रही उड्डाणापूर्वी डिजिटल स्काय या सरकारी व्यवस्थेवरील नकाशा पाहावा.

प्रश्न (काणकोण): गटाची नोंदणी करणे आवश्यक आहे का?

उत्तर: सुरुवातीला नाही. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात जण मिळून संस्था नोंदवू शकतात, पण मग वार्षिक सभा, हिशेब आणि पदाधिकाऱ्यांच्या निवडी आल्या, आणि कामाला सुरुवात होण्याआधीच पदांवरून मने कलुषित झालेली मी पाहिली आहेत. अनुदान मागायचे असेल किंवा गटाच्या मालकीचा कॅमेरा घ्यायचा असेल तेव्हा नोंदणी करावी. तोवर वर्गणी एकाने घ्यावी, खर्च दुसऱ्याने लिहावा आणि प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला जमाखर्च सर्वांना वाचून दाखवावा.